दारावरचा विवेक

अंगावर काय घालावे हा प्रश्न मानवजातीने फार पूर्वी सोडवला होता. थंडीत जाड, उन्हात पातळ आणि चार लोकांत जाताना धुतलेले. या तीन नियमांवर कित्येक पिढ्या नोकऱ्या करून सुखाने निवृत्त झाल्या आणि कोणाचे काही अडले नाही. पुढे मनुष्यबळ विभाग स्थापन झाले. सुटलेला प्रश्न नुसता पडून राहणे बरे दिसेना, म्हणून तो पुन्हा निर्माण करण्यात आला.

ज्या कचेरीत ही गोष्ट घडली ती कचेरी माहितीपुस्तिका लिहून देते. पंखा, इस्त्री, पाण्याचा पंप असे काही विकत घेतले की खोक्याच्या तळाशी जे पातळ पुस्तक निघते (आणि जे वाचण्याआधीच माणूस बटण दाबून मोकळा होतो), ते इथे तयार होते. 'झाकण घट्ट बसवा. यंत्र चालू असताना झाकण उघडू नका.' अशी स्वच्छ, दुसरा अर्थच निघणार नाही अशी वाक्ये लिहिण्यात या कचेरीचा हातखंडा. एकशे सत्याऐंशी माणसे दिवसभर दुसरे काही करत नाहीत. त्याच कचेरीने एका शुक्रवारी आपल्याच माणसांसाठी एक परिपत्रक काढले:

'सोमवारपासून सर्वांनी बिझनेस कॅज्युअल पोशाखात यावे. पोशाख व्यावसायिक असावा, पण सहज असावा. नीटनेटका असावा, पण ताठर नसावा. आपण प्रयत्न केला आहे असे वाटावे, पण प्रयत्न दिसू नये. शंका आल्यास विवेक वापरावा.'

विवेक कोणाचा, हे लिहायचे राहून गेले. त्यावर त्याच दिवशी तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत सर्व विभागप्रमुखांनी आपापला विवेक सध्या दुसऱ्या कामात गुंतल्याचे कळवले. दुसरी बैठक पहिलीचे इतिवृत्त मंजूर करण्यात गेली. तिसऱ्या बैठकीत कोणीतरी विचारले, की माणसे आत शिरताना त्यांच्याकडे निरखून बघण्याचा पगार या इमारतीत नेमका कोणाला मिळतो? अशा रीतीने चौथ्या मजल्यावर न सुटलेला प्रश्न लिफ्टने तळमजल्यावर आला आणि जमादारांच्या टेबलावर ठेवण्यात आला.

जमादार म्हणजे त्या इमारतीचे रखवालदार. ते कुठल्याही फौजेत कधी नव्हते. हे नाव त्यांना मिशांमुळे पडले आणि मिशा वडिलांकडून आल्या होत्या, म्हणजे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व दोन्हीत नव्हते. बावीस वर्षे ते त्याच काचेच्या दारापाशी उभे होते. फिका निळा शर्ट, गडद निळी पँट, काळा पट्टा, खिशाला शिट्टीची दोरी. (शिट्टी बावीस वर्षांत एकदाच वाजली, ती वाजते का हे बघण्यासाठी.) सकाळी काय घालावे याचा त्यांनी आयुष्यात एक क्षणही विचार केला नव्हता. ज्या विषयात ज्याला काडीचे मत नाही तोच त्या विषयाचा निःपक्षपाती न्यायाधीश, हे मनुष्यबळबाईंनी अचूक हेरले.

"फार काही नाही हो, जमादार," बाई म्हणाल्या. "योग्य वाटलं तर सोडा, नाही वाटलं तर नम्रपणे थांबवा."

"योग्य म्हणजे कसं, बाई?"

"ते बघितल्यावर कळतं."

"कोणाला?"

बाईंनी घड्याळ बघितले आणि त्यांच्या हातात एक तक्ता दिला.

तक्त्यावर आठ फोटो होते. चार पुरुष, चार बायका. खाली लिहिले होते, 'असे'. एवढेच.

प्रामाणिक माणसाच्या हातात धूसर नियम दिला की काय होते, याचा शास्त्रीय अभ्यास अजून व्हायचा आहे. जमादारांनी शनिवार-रविवार त्या तक्त्यापुढे बसून काढला. त्यातून त्यांना काही गोष्टी कळल्या. आठही जण हसत होते, आणि फोटोच्या बाहेरच्या कशाकडे तरी बघून हसत होते. कोणाच्याही हातात डबा, छत्री किंवा पिशवी नव्हती. एका गृहस्थाने जाकीट अंगात न घालता एका बोटाला अडकवून पाठीवर टाकले होते. एक बाई टेबलाच्या कडेवर बसल्या होत्या. टेबल घेऊन दारातून आत येणे व्यवहारात जमणारे नाही, म्हणून हा शेवटचा मुद्दा जमादारांनी आपल्या अधिकारात शिथिल केला. बाकी सगळे त्यांनी एका जाड नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून काढले.

सोमवारी सकाळी चौसष्ट जण अडवले गेले. त्यांतले बावीस फार औपचारिक होते, एकोणीस फार सैल होते. अकरा जण वरून औपचारिक आणि खालून सैल होते (त्यांनी सरासरी काढावी अशी विनंती केली, ती फेटाळण्यात आली). नऊ जणांचे कपडे बरोबर होते, पण ते हसत नव्हते. उरलेले तीन कचेरीचे नव्हतेच. एक पोस्टमन आणि दोघे गळका पाइप बघायला आलेले. त्यांतला एक प्लंबर मात्र तक्त्यातल्या तिसऱ्या गृहस्थाशी इतका तंतोतंत जुळत होता, की त्याला नमुना म्हणून दहा मिनिटे दारात उभे राहण्याची विनंती करण्यात आली.

मुख्य मुद्रितशोधकांचे प्रकरण त्या दिवशी गाजले. हे गृहस्थ गेली सव्वीस वर्षे पांढरा, पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणे लावलेला शर्ट घालून येत.

"एक बटण उघडा, साहेब," जमादार म्हणाले.

"कशासाठी?"

"सहजतेसाठी."

"मी सहजच आहे."

"आहात हो. पण दिसत नाही. परिपत्रक दिसण्याबद्दल आहे."

मुद्रितशोधकांना परिपत्रक पाठ होते. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका त्यांनीच काढल्या होत्या. "त्यात 'प्रयत्न दिसू नये' असंही आहे," ते म्हणाले. "आता मी इथे तुमच्यासमोर बटण उघडलं, तर प्रयत्न दिसेल."

जमादार विचारात पडले. मुद्दा बिनतोड होता. मागे रांग दारापासून फुटपाथपर्यंत गेली होती.

"मी पाठ फिरवतो," शेवटी ते म्हणाले.

त्यांनी पाठ फिरवली. ते बघून रांगेतल्या तीस-पस्तीस जणांनीही सभ्यपणे पाठी फिरवल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या गळ्याला वारा लागला. दुपारी मुद्रितशोधक दोनदा खोकले, आणि त्यांनी ते लेखी कळवले.

पंधरवड्यात जमादारांची नोंदवही अर्धी भरली. नाव, वरचे वस्त्र, खालचे वस्त्र, निर्णय, कारण असे पाच रकाने. पुढे नावाचा रकाना अरुंद पडू लागला तेव्हा त्यांनी तो काढून कारणाला जागा दिली. जुने निर्णय नव्या प्रकरणांना लागू होऊ लागले. बाही दोनदा दुमडली तर सहज, तीनदा दुमडली तर भांडी घासायला निघालेला. बूट चकचकीत असतील तर प्रयत्न दिसतो, मळके असतील तर प्रयत्नच नाही. विक्री विभागातल्या एकाने एक बूट चकचकीत आणि एक मळका घालून बघितला. नामंजूर, पण 'कल्पना चांगली' असा शेरा मिळाला आणि तो शेरा त्याने चौकटीत लावून टेबलावर ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत दारापाशी रांग लागू लागली. माणसे उद्याचे कपडे पिशवीत घालून आजच दाखवायला आणत. एका गृहस्थांनी सासूबाईंनी वाढदिवसाला दिलेला गुलाबी शर्ट 'नामंजूर' असा लेखी शेरा मागितला, तो घरी दाखवायला हवा होता. दोघा विभागप्रमुखांमध्ये चौकड्यांचा शर्ट व्यावसायिक आहे की सहलीचा यावरून बोलणे बंद झाले. बारीक चौकडे कामाचे, मोठे चौकडे सहलीचे, असा निवाडा जमादारांनी दिला. बारीक आणि मोठे यांच्यातली सीमा ठरवायला त्यांनी शिट्टी वापरली. शिट्टीखाली झाकला गेला तो चौकडा बारीक. इतक्या वर्षांनी तिचा उपयोग झाला.

या सगळ्याने माणूस थोडासा तरी बदलणारच. जमादार सावकाश चालू लागले. बोलण्याआधी एक क्षण थांबू लागले. बसमध्ये अनोळखी माणसांकडे बघून नकळत मान हलवू लागले, कधी आडवी, कधी उभी. वरचे लोक त्यांना आता 'अहो जमादार' म्हणत. आधी ते 'ए जमादार' होते. तेही बिझनेस कॅज्युअलच होते म्हणा, पण वेगळ्या प्रकारचे.

एक दिवस मालक आले. मालक वर्षातून चार-पाच वेळाच येत. त्यांच्या बनियनवजा शर्टाला पोटावर एक भोक होते, मुठीएवढे.

"भोक आहे, साहेब," जमादार म्हणाले.

"असंच मिळतं ते," मालक म्हणाले. "भोकासकट. भोकाचे वेगळे पैसे पडतात."

जमादारांनी वही चाळली. फाटलेले आणि फाडलेले यांत फरक करावा लागणार होता. फाटलेले म्हणजे प्रयत्नाचा अभाव. फाडलेले म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, मन लावून प्रयत्न केला आणि तो दिसू दिला नाही, म्हणजे परिपत्रकाचा अगदी गाभाच. त्यांनी 'उत्कृष्ट' लिहून मालकांना सोडले. मागोमाग चहावाल्या मावशी आल्या. मावशी चौथ्या मजल्यावर दिवसाला तीन वेळा चहा करत. त्यांच्या बाहीला कोपरावर भोक होते, मालकांच्या भोकाच्या निम्मेसुद्धा नाही.

"मावशी, भोक आहे."

"त्यांच्या नाही का?"

"त्यांचं विकतचं आहे."

"माझं पण विकतचंच आहे, जमादार," मावशी म्हणाल्या. "फक्त हप्त्याहप्त्यानं आलंय."

जमादारांना आत कुठेतरी काहीतरी टोचले. पण टोचण्याचा रकाना नव्हता. मावशी मागच्या दाराने वर गेल्या. त्या दिवशी चहा चाळीस मिनिटे उशिरा झाला, आणि कामकाजात मोजता येण्याजोगा फरक पडल्याची या सगळ्या मोहिमेतली ती एकमेव नोंद आहे.

जमादारांच्या घरी दोन खोल्या, बायको आणि एक लेक. बायको घरी बसून शर्टांची काजे करायची आणि बटणे लावायची. एका दुकानाचे गठ्ठे घरी येत, दिवसाला शंभर-सव्वाशे काजे. अशी वीस वर्षे तिच्या मांडीवरून गावातले शर्ट गेले होते. पोशाखाबद्दल तिला काही विचारावे असे मात्र जमादारांना कधी सुचले नाही, कारण तिच्याकडे तक्ता नव्हता.

लेक आरेखन शिकलेली. घरांचे, इमारतींचे नकाशे काढायची पदविका घेतली होती, पहिल्या वर्गात. त्यानंतर आठ महिने ती अर्ज करत होती. एकतीस अर्ज गेले. तीस ठिकाणांहून काहीच आले नाही. नाही म्हणायलाही एक पोस्टाचे तिकीट लागते, असे तिची आई म्हणायची. एकतिसाव्याचे पत्र आले. गुरुवारी सकाळी साडेदहा, तिसरा मजला, मूळ प्रमाणपत्रे सोबत आणावीत. आणि शेवटची ओळ: 'पोशाख: बिझनेस कॅज्युअल.'

"बाबा!" लेक नाचतच बाहेर आली. "हे तर तुमचंच!"

जमादार एक क्षण थांबले. मग त्यांनी नोंदवही आणली. (ती कचेरीबाहेर नेण्याची परवानगी त्यांनी स्वतःकडे मागितली होती आणि स्वतः दिली होती.) बुधवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "हं. ये."

लेक आधी काळी पँट आणि पांढरा शर्ट घालून आली.

"नोंद चार," जमादार म्हणाले. "अशा वेषातल्या एकाकडे दोघांनी पाणी मागितलं होतं. पुढचं."

मग आत्याने दिलेला निळा झगा. जमादारांनी मान आडवी हलवली. कोणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखी दिसतेस, म्हणाले. मग जीन्स. जीन्सचा विषय अजून कचेरीच्या समितीपुढे होता. मग मैत्रिणीकडून मागून आणलेले राखाडी जाकीट.

"हे बोटाला अडकवून पाठीवर टाकशील का?"

"मग फाइल कशात धरू?"

"तक्त्यात कोणाच्या हातात फाइल नाही."

"तक्त्यातल्या लोकांना नोकरी आहे, बाबा."

आत्याला फोन लावण्यात आला. आत्या ठामपणे म्हणाली, "फिकट काहीतरी घाल. पण गडद." आणि फोन ठेवला. लेक पुन्हा पहिलाच शर्ट घालून आली, या वेळी एक बटण उघडे ठेवून. मग ते लावून. मग बाही दुमडून. जमादार लिहीत होते. नामंजूर. नामंजूर. पुनर्विचारार्थ. नामंजूर.

पुढच्या खेपेला ती बाहेर आलीच नाही. आतल्या खोलीत पत्र्याच्या पेटीवर बसली आणि तिथूनच म्हणाली, "मी नाही जात."

"अगं, आणखी दोन जोड्या आहेत."

"मला मुलाखतीची तयारी करायची होती आज. आठ महिन्यांत एक पत्र आलं." तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. "नाही जात मी. त्यांनी दारातच परत पाठवलं तर मला नाही सहन व्हायचं."

जमादारांनी वहीकडे बघितले. शेवटच्या नोंदीपुढे कारणाच्या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते: 'हसत नाही. घाबरलेली दिसते.' बावीस वर्षे त्यांचे अक्षर सगळे वाखाणत. त्या घडीला ते त्यांना बघवेना.

बायकोने हातातल्या शर्टाचा दोरा दाताने तोडला.

"अहो, त्या वहीत तिचं नाव आहे का कुठे?"

"नावाचा रकाना काढला. जागा पुरत नव्हती."

"काय शिकली, किती गुण पडले, ते?"

जमादारांनी रकाने पुन्हा एकदा बघितले.

"नुसतं वर काय नि खाली काय. मिटा ती. आणि जरा बाहेर जाऊन बसा बरं. तुम्ही असे दारात बसलात की घरातल्या घरात माणसाला भीती वाटते."

ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. आतून दोघींचे बोलणे ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते. दहा-एक मिनिटे शिवणयंत्र चालले. मग कोणीतरी खळखळून हसले. लेकच असावी. जेवायला हाक आली तेव्हा त्यांनी विचारायला तोंड उघडले, आणि बायकोने त्यात घास भरावा तसे ताट पुढे सरकवले. विषय संपला.

सकाळी लेकीने जे घालायचे ते घातले आणि ती बाहेर आली. जमादारांनी निश्चय करून फक्त तिच्या तोंडाकडे बघितले.

ते अर्ध्या दिवसाची रजा काढून गणवेशातच तिच्याबरोबर गेले. त्या कचेरीच्या दारातही एक रखवालदार होता. बारीक चणीचा, खुर्चीवर बसून संत्रे सोलणारा. लेक फाइल छातीशी धरून त्याच्यापुढे उभी राहिली.  बावीस वर्षांत जमादार दाराच्या या बाजूला कधी उभेच राहिले नव्हते. तिच्या बाह्या, तिची कॉलर, तिचे बूट, सगळे एकदम उघड्यावर पडल्यासारखे त्यांना वाटले. संत्रेवाल्याची नजर वर उठली तेव्हा त्यांनी, कधी नव्हे ते, मनातल्या मनात हात जोडले.

"मुलाखत ना? तिसरा मजला. लिफ्ट हळू चालते, घाबरू नका, बाई."

लेक गेली.  जमादार बाकावर टेकले.

"तुमच्याकडे पोशाखाचं कोण बघतं?" त्यांनी विचारले.

"कसला पोशाख?"

"पत्रात आहे. बिझनेस कॅज्युअल."

"ते होय!" संत्रेवाला हसला. "अहो, ती पत्राच्या शेवटी लिहायची ओळ आहे. आपण 'कळावे, लोभ असावा' लिहितो तशी. संत्रं घ्या."

जमादारांनी संत्रे घेतले.  तासभर एक फोड हातात तशीच राहिली.

लेक खाली आली ती दोन-दोन पायऱ्या गाळत. लिफ्टची वाट बघायला तिला धीर नव्हता. रस्त्यातच तिने सगळे सांगितले. आत पाच जण होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर कंपनीने बांधलेल्या एका नामांकित इमारतीचा नकाशा चौकटीत लावला होता. पहिले दोन प्रश्न सोपे होते. तिसऱ्याला मधल्या साहेबांनी विचारले, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का?" तिला तसे काहीच विचारायचे नव्हते. पण ती मघापासून भिंतीकडे बघत होती, म्हणून तिने विचारले, "त्या जिन्याला वरून बघितलं तर तेरा पायऱ्या आहेत आणि शेजारी बाजूने दाखवलाय त्यात बाराच. असं का?"

पाचही जण उठले. नकाशापाशी जाऊन त्यांनी बोट ठेवून पायऱ्या मोजल्या. मग दुसऱ्यांदा मोजल्या. तो नकाशा चार वर्षे त्याच भिंतीवर होता आणि त्याच्याखाली बसून दीडशे मुलाखती झाल्या होत्या.

"मग मी विचारलं, ही इमारत बांधून झाली का?" लेक म्हणाली. "तर ते साहेब म्हणाले, झाली. आणि पाचही जण पुन्हा नकाशाकडे बघायला लागले, बाबा. मग सगळ्यात म्हातारे जे होते ते म्हणाले, 'तरीच मी तिथे दर वेळी ठेचकाळतो.'"

"मग?"

"मग काय. एक तारखेपासून या म्हणाले!"

भर रस्त्यात जमादारांनी डोळे पुसले. गणवेशात रडू नये असा नियम आहे की नाही हे त्यांनी तपासले नाही.

दुसऱ्या दिवशी ते दारात उभे राहिले, पण वही उघडली नाही. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून ते मान लववत होते. लेखन विभागातल्या एका बाईंना त्यांनी हळूच विचारले, "रडलात की काय?" बाई "हो" म्हणाल्या आणि वर गेल्या. मावशी आल्या तेव्हा त्यांनी पुढचे दार उघडून धरले, तर मावशींना काहीतरी डाव आहे असे वाटून त्या मागूनच गेल्या.

वास्तविक लोकांना हायसे वाटायला हवे होते. झाले उलटेच. माणसे अडवली जात नाहीत म्हटल्यावर ती आपण होऊन अडू लागली. दारात रेंगाळत, बाही सारखी करत, खाकरत. मुद्रितशोधक दोनदा आत जाऊन दोनदा बाहेर आले. शेवटी म्हणाले, "जमादार, आज दोन बटणं उघडी आहेत."

"छान, साहेब."

"नोंद?"

"नोंद कशाला?"

मुद्रितशोधक खिन्न झाले. आपल्यात आता दोषही उरला नाही, अशी काहीशी त्यांची भावना झाली असावी. पुढच्या महिनाभरात एकही नामंजुरी न झाल्यामुळे मनुष्यबळ विभागाने मोहीम शंभर टक्के यशस्वी झाल्याचे जाहीर केले. बाईंना कुठल्याशा परिषदेत त्यावर भाषण द्यायला बोलावले. तिथे काय घालून जावे हे विचारायला त्या तळमजल्यावर आल्या होत्या. "काहीही," जमादार म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतले, आणि 'काहीही' कुठे मिळते हे मैत्रिणींना विचारत दोन दिवस हिंडल्या.

एव्हाना लेकीच्या नोकरीची बातमी चारही मजल्यांवर पोचली होती. माणसे मनापासून अभिनंदन करायला आली. एकशे सत्याऐंशी माणसे, एकूणएक. जमादार प्रत्येकाला उत्साहाने सांगू लागत, की तिने एकतीस अर्ज कसे केले, भिंतीवरचा नकाशा कसा होता, पाच जण कसे उठले. आणि प्रत्येक जण अर्ध्यावरच त्यांच्या हातावर हात ठेवून, आवाज खाली आणून एकच विचारी, "ते असो. तिने घातलं काय होतं?"

त्या नकाशातल्या इमारतीत गेलेली, त्या जिन्यावर ठेचकाळलेली माणसेही त्यांत होती. पायऱ्यांबद्दल एकानेही विचारले नाही.

"कपडे," जमादार सांगत.

लोकांना वाटले, माणूस मोठा झाला, आता गुपिते राखतो.

वाचक सुज्ञ आहेत, तिने काय घातले होते याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. ते आत्ता एवढ्यात मागे जाऊन आले आहेत ते केवळ एका वाक्याची रचना तपासण्यासाठी. 'लेकीने जे घालायचे ते घातले' या वाक्यात आणखी काही दडलेले नाही, हे त्यांना दोनदा वाचल्यावर कळले असेल. अशा सर्व वाचकांना विनंती, की त्यांनी उद्या सकाळी पावणेदहापर्यंत ओळखपत्र गळ्यात घालून तळमजल्यावरच्या रांगेत उभे राहावे. एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरपासून जागा आहे. आणि कृपया हसत यावे.